निवृत्तीची मोकळी ओळ

आघातावाचून जो उमटतो आणि उमटून जो सरत नाही, त्या नादरूप परमात्म्याला आधी वंदन. ज्याच्या कृपेवाचून कंठातला श्वास हा नुसता वारा, त्याने या वहीवर दृष्टी ठेवावी. सद्गुरूंच्या पादुका स्मरून विषय सांगतो. आमच्या जानेफळच्या भजनी मंडळाची दुसरी ध्वनिमुद्रिका निघावयाची आहे. पहिलीत माझा मुलगा निवृत्ती गायला होता. या खेपेस तो नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर १९६१

कंपनीचे पत्र आले. पहिल्या तबकडीला वऱ्हाडात फार मागणी झाली. दुसरी लवकर द्यावी. ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन त्यांची माणसे डिसेंबरात खामगावी येतील. ‘मुख्य गायक तेच असावेत,’ असे खाली वेगळ्या शाईने लिहिले आहे. त्यांना कळविलेले नाही, हा माझाच प्रमाद.

निवृत्ती गेल्या चैत्र वद्य पंचमीस गेला. हनुमान जयंतीच्या सप्ताहात त्याला चौथ्या दिवसापासून ताप होता. त्याची आई म्हणाली, मेहकरला दवाखान्यात न्यावे. मी म्हणालो, नामाने ताप उतरतो. पाचव्या दिवशी तो असा स्वच्छ गायला की माझे म्हणणे खरे झाले, असे सर्वांना वाटले. समाप्तीनंतर पाचव्या दिवशी तो गेला. याविषयी येथे इतकेच.

सायंकाळी मंडळ बसले. मृदंगावरचा कचरू म्हणाला, “बुवा, निवृत्तीभाऊच्या जागी कोन? मी म्हटलं तं लोकं तबकडी परत करतीन.”

हबीब क्लॅरनेट पुसत होता. हा खामगावच्या बँडातला वादक. पहिल्या तबकडीत त्याला मीच घेतले, आणि भजनात वरातीचे वाद्य आणले म्हणून मेहकरच्या शास्त्रीबुवांनी माझ्याशी बोलणे सोडले. तो म्हणाला, “जागा तं मोकळीच हाय ना अजून? साल कुठं सरलं?”

त्याने योग्य आठवण करून दिली. आमच्या मंडळाचा जुना नेम आहे. गाता माणूस गेला की वर्षभर त्याचे आसन घालायचे, त्यावर त्याचे टाळ ठेवायचे, आणि त्याच्या वाट्याची ओळ कोणी म्हणायची नाही. ठेका चालू राहतो, तोंडे मिटतात. तिला आम्ही मोकळी ओळ म्हणतो. वर्षश्राद्धाला घरचा वडील ते टाळ उचलून दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा ती ओळ पुन्हा भरते.

मी ठरविले, तबकडीतही ओळ मोकळीच राहील.

रविवार, ३ डिसेंबर

पद तेच घेतले, जे गेल्या वर्षीच्या सप्ताहासाठी मी निवृत्तीकरिता रचले होते:

गाई आल्या, गोप आले, सांज उतरली गावा,
एक राहिला पैलतीरी, कोण देई धावा?
आलो आलो, मायबापा, दार उघडे ठेवा.

तिसरी ओळ त्याची. पेटीवरच्या काळी पाचच्या स्वरात तो ती असा उचलायचा की वरच्या आळीतल्या बाया दारात येत. आता दुसरी ओळ संपते आणि आम्ही थांबतो. चार आवर्तने नुसता ठेका. त्या चार आवर्तनांत मला त्याचा श्वास घेतलेला ऐकू येतो. मी कोणास सांगितलेले नाही. मीमांसक शब्दाला नित्य मानतात, नैयायिक अनित्य. तरुणपणी मठात मी नैयायिकांची बाजू घेऊन वाद जिंकला होता. आज तो वाद हरावा असे वाटते.

आणखी एक नोंद. सराव ओसरीवर चालतो, तेव्हा आत सूनबाई जनका दळत असते. ओळ मोकळी सुटली की नेमकी जात्याची घरघरही थांबते, आणि तिसरी ओळ सरली की पुन्हा सुरू होते. शोकही असा ठेक्यात बसतो. बिचारी चोवीस वर्षांची आहे. तिला कोरडा खोकला झाला असावा. निवृत्तीची आई सुभद्राबाई तिला रोज ज्येष्ठमध चघळायला देतात.

मंगळवार, १२ डिसेंबर, खामगाव

मोटारीने मेहकर, तेथून खामगाव. मी परान्न घेत नाही म्हणून सुभद्राबाई आणि जनका स्वयंपाकाला बरोबर आहेत.

भगवानराव या कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या जिनिंगमधले गोदाम दिले आहे. वीज तेथे आहे, आणि रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या आहेत. कंपनीचे ध्वनिमुद्रक, मुंबईचे सडसडीत गृहस्थ, टाळी वाजवून म्हणाले, “वा! आवाज भिंतीवर आपटून परत येणारच नाही. रुई सगळा पिऊन टाकते.” त्यांनी हमालांकडून गाठी सरकवून मध्ये एक चौक करून घेतला. जिनिंग बंद असेल तेव्हाच काम होणार, म्हणजे दुपारच्या सुटीत, तास-सव्वा तास.

आवाज परत येत नाही, हे मला त्या चौकात उभे राहताच जाणवले. मी हळूच एक नाव उच्चारले. ते ओठांपाशीच मेले.

बुधवार, १३ डिसेंबर, खामगाव

भोंगा झाला, यंत्रे थांबली. आम्ही चौकात बसलो. निवृत्तीचे आसन माझ्या डावीकडे, वर टाळ. बायका गाठींच्या पलीकडे, धान्य निवडत.

पहिल्या खेपेस ओळ मोकळी ठेवून पद पुरे केले. ध्वनिमुद्रक कानावरचे यंत्र काढून म्हणाले, “बुवा, हे चालायचं नाही. सव्वातीन मिनिटांच्या गाण्यात तीनदा असा खड्डा. लोकांना वाटेल सुई अडकली.”

मी नेम समजावला. ते म्हणाले, “श्रद्धा मला कळते. पण तबकडीला श्राद्ध कसं कळणार?”

कचरू खाली मान घालून हसला. मी म्हणालो, ओळ मोकळी नसेल तर मुद्रिका नको. टाळ उचलून निघण्याच्या बेतात होतो. पण निघालो नाही. तसाच उभा राहून मी त्या आसनाकडे पाहत होतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. हबीबने माझ्या बाहीला धरून खाली बसविले. “एक डाव अजून घ्या, साहेब. जसं बुवा म्हनतात तसंच.”

दुसरी खेप. मी डोळे मिटले होते. ‘कोण देई धावा’ संपले, मृदंग एकटा चालू लागला, आणि तो गायला.

आलो आलो, मायबापा, दार उघडे ठेवा.

काळी पाच. तीच उचल, ‘मायबापा’वर तोच किंचित थरकाप. आवाज दुरून, रुईतून गाळून आल्यासारखा. माझे टाळ चुकले नाहीत. कसे, ते देव जाणे. दुसऱ्या अंतऱ्यानंतर पुन्हा आला. तिसऱ्यानंतर पुन्हा.

डोळे उघडले तेव्हा कचरू मृदंगाकडे पाहत होता आणि हबीब गाठींकडे. ध्वनिमुद्रक मात्र प्रसन्न. “हे आधीच का नाही केलंत? अप्रतिम. असंच लांबून येऊ द्या.” म्हणजे त्यांनाही ऐकू आला होता.

मी हबीबला विचारले, “तू ऐकलेस?”

“हाव, बुवा.”

“कोण होते?”

तो क्लॅरनेटच्या तोंडची वेताची जीभ सोडवू लागला. मग म्हणाला, “जे तुमी ऐकलं तेच मी ऐकलं. आता हीच ठेवा. पुन्हा घेऊ नोका.”

बायका पलीकडून आल्या. सुभद्राबाईंचे डोळे वाहत होते. जनकाच्या केसांत रुईचे पुंजके अडकले होते आणि तीही डोळे पुसत होती. गाठींना चिकटून बसल्याने रुई डोळ्यांत गेली असणार. मी तिला म्हणालो, “सूनबाई, तो आला होता.” तिने तोंडात पदर धरला आणि बाहेर गेली.

गुरुवार, १४ डिसेंबर

परतलो. निजलो नाही, जपही झाला नाही. आनंद आहे की भय आहे, याचा निर्णय होत नाही. जो मुक्त झाला तो हाकेला ओ देत नाही. ओ देतो तो अडकलेला असतो. मग मी ज्याला कृपा म्हणतो आहे, तो माझ्या मुलाचा अडकलेपणा तर नव्हे?

रविवार, २८ जानेवारी १९६२

तबकडी आली. मारुतीच्या पारावर चावीचा ग्रामोफोन मांडला. चारेकशे माणसे असतील. पहिली मोकळी ओळ आली आणि सुईखालून त्याचा आवाज उठला. मग म्हातारी पुष्पाबाई, जिने त्याला लहानपणी न्हाऊ घातले होते, उठली आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यावरून बोटे उतरवून कानशिलावर मोडली.

“पोट्टं गाऊन राह्यलं वं,” ती म्हणाली. “आपलं पोट्टं गाऊन राह्यलं.”

एक जण पुटपुटला, आवाज जरा बारीक वाटतो. मी सांगितले की देहाचा भार गेल्यावर स्वर सूक्ष्म होणारच. ते सर्वांना पटले.

सात वेळा लावली. घरी आलो तर जनका चुलीपुढे बसलेली, भाकरी करपून गेलेली. ती पारावर आली नव्हती.

रविवार, ४ फेब्रुवारी, पौष वद्य चतुर्दशी

मकरेत आठ ग्रह एकत्र आले आहेत. प्रलय होणार म्हणून गावोगाव होम चालू आहेत. मेहकरात तुपाचा तुटवडा आहे. माझ्या गणिताने काही होणार नाही, पण माझे गणित ऐकायला कोणी येत नाही. येतात ते तबकडी ऐकायला. जग बुडण्यापूर्वी पलीकडून कोणी बोलते आहे तर ते ऐकून घ्यावे, असा लोकांचा विचार. देऊळगावकडून, चिखलीकडून बैलगाड्या आल्या. तबकडीला हळदकुंकू लावू लागले, तेव्हा कचरू ओरडला, “बापा, भेगात कुंकू गेलं तं निवृत्तीभाऊ खोकलीन नं!”

लोक हसले. मलाही हसू आले, आणि ताबडतोब पश्चात्ताप झाला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

जग बुडाले नाही. निवडणूकही झाली. तबकडी मेहकरच्या मोटारतळावरील हॉटेलात दिवसभर वाजते आणि तिसऱ्या ओळीला चहा पिणारे कपबशी खाली ठेवतात, असे हबीब सांगतो. शास्त्रीबुवांचाही निरोप आला, वर्षानंतर प्रथमच: ‘क्लॅरनेट अजूनही निषिद्ध आहे, परंतु तिसऱ्या ओळीपुढे मी निरुत्तर आहे.’

सुभद्राबाई मात्र म्हणाल्या, “लोकाईले सांगनं बंद करा आता. जे हाय ते आपल्या घरात राहू द्या.”

“तुला आनंद नाही? मुलगा गातो आहे.”

त्यांनी भाजी चिरणे थांबवले. “माह्या पोराचा आवाज मले वळखू येत नाही काय?” एवढे म्हणून पुन्हा चिरू लागल्या. मातेच्या या शब्दांहून मोठे प्रमाण कोणते? मी ते जसेच्या तसे पारावर सांगितले.

रविवार, १८ मार्च

कंपनीचे पत्र. दुसरी आवृत्ती काढत आहेत. पुढे लिहितात: ‘तिसरी ओळ म्हणणाऱ्या बाईंचे नाव आपण कळविले नाही. ते नव्या आवृत्तीवर छापावयाचे आहे. तसेच त्यांच्या एकट्या आवाजात तिसरी मुद्रिका करण्याची आमची इच्छा आहे.’

मुंबईच्या माणसाचा कान यंत्राने बिघडलेला. उत्तर लिहिले की तेथे कोणी बाई गात नव्हती, आणि छापावयाचेच तर ‘कै. निवृत्ती’ असे छापावे. पत्र टपालात टाकायला जनकाला दिले. तिने पत्ता वाचला; ती चौथी शिकलेली आहे. म्हणाली, “मामाजी, हे आज टाकलंच पायजे काय?”

मी म्हणालो, शुभस्य शीघ्रम्.

गुरुवार, ५ एप्रिल, गुढीपाडवा

जनकाचा भाऊ इंद्रभान लोणारहून आला. वर्ष संपले की बहिणीला कायमची माहेरी न्यायचे म्हणतो. माणूस सरळ आहे. तळ्याच्या कडेला त्याचे दुकान आहे.

दुपारी घरात कोणी नसता मी एकट्याने तबकडी लावली. घासली गेली आहे. तिसऱ्या ओळीच्या जागी खरखर अधिक, कारण लोक सुई तेथेच पुन्हा पुन्हा ठेवतात. मी ऐकत होतो आणि एकाएकी विचार आला: मी त्याला पुन्हा सप्ताहात बसवले आहे. उठू देत नाही. ताप असला तरी गा, घसा बसला तरी गा. सुई उचलली. पण तासाभराने पुन्हा ठेवली.

ठरविले आहे: वर्षश्राद्धाला टाळ कोणाच्या हाती देणार नाही. ज्याची ओळ तोच गातो आहे, मग ती दुसऱ्याला कशी द्यावी? तबकडी मारुतीच्या गाभाऱ्यात ठेवू.

बुधवार, ११ एप्रिल

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी बैलगाडी आली. अंजनी गावचे शंकरराव आपल्या विमल नावाच्या मुलीला घेऊन आले. नुकते लग्न झालेली, अठराची असेल. अंगात ताप, ओठ फुटलेले, नवव्या दिवसाचा. शंकरराव हात जोडून म्हणाले, “बुवा, दवाखान्यात काय हाय? मले निवृत्तीबुवाचा आवाज तिच्या कानावर घाला. नामानं उतरतो ताप, तुमीच तं सांगता सप्त्यात.”

मी ग्रामोफोन ओसरीवर आणविला. मुलीला गाडीतून उतरवून सतरंजीवर निजविले. चावी भरली.

आतून जनका आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, तो तिने सावरला नाही. मी सुई ठेवणार तोच तिने तबकडीवर हात दाबला.

“इले मेहकरले न्या,” ती शंकररावांना म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. बैल नोका सोडू.”

मी म्हणालो, “सूनबाई, बाजूला हो.”

“नाही होत, मामाजी.” एवढ्या वर्षांत तिने मला ‘नाही’ म्हटल्याचे आठवत नाही. “त्या तबकडीत ते नाहीत. मी हावो.”

मला अर्थ लागेना. मी मूर्खासारखा तबकडीकडे पाहत राहिलो. तेव्हा ती सतरंजीच्या कडेला उभी राहिली आणि गायली. तिसरी ओळ. काळी पाच. तीच उचल, तोच थरकाप. विमलने तापातून डोळे उघडले.

गाऊन झाल्यावर ती खाली बसली. सारे तिने जमिनीकडे पाहत सांगितले. “शेतात आमी दोघं म्हनत होतो. तुमी चाल सांगितली का ते पहिले माह्या संग म्हनून पाहात. गोदामात तुमी आसनापाशी उभे राह्यले, तवा तुमचं तोंड मले गाठीच्या फटीतून दिसलं. पाह्यवलं नाही. म्हनून म्हटलं. मले वाटलं, एक डाव. मंग लोकं कुंकू लावाले लागले.”

मी म्हणालो, “इतके दिवस...”

“हे तं काहीच नाही, मामाजी. सप्त्यात पाचव्या रोजी त्याईचा घसा पुरा बसला होता. नुसते ओठ हालत होते. मी बायाईच्या बाजूले पडद्याच्या मागं, अगदी त्याईच्या पाठीशी. त्याईनं मांग वळून पाह्यलं. मी ओळ उचलली. तिन्ही दिवस तशीच. तुमी सगळ्याईले सांगितलं, नामानं घसा उघडला, ताप गेला. मी जर नसती गायली, तं तुमाले दिसलं असतं. तुमी मेहकरले नेलं असतं.”

सुभद्राबाई दारात होत्या. त्यांना हे सर्व ठाऊक होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्या इतकेच म्हणाल्या, “तिच्या एकटीचं नाही ते पाप.”

शंकररावांची गाडी मेहकरला गेली. इंद्रभान बैलांपुढे धावत गेला.

गुरुवार, १२ एप्रिल

तो आला नव्हता. कधीच आला नव्हता.

रविवार, १५ एप्रिल

विमलला मुदतीचा ताप आहे. औषध सुरू झाले. डॉक्टर म्हणतात आणखी चार दिवस गेले असते तर कठीण होते. इंद्रभान निरोप घेऊन आला.

हबीब भेटायला आला. मी विचारले, “तुला गोदामातच कळले होते?”

“बुवा, मी पंधरा साल वराती वाजवून राह्यलो. बाईचा गळा वळखू नाही आला तं पोट कसं भरीन?”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी किती महिन्यानं त्या दिवशी जेवले होते, ठावं हाय? दोन भाकरी. मी मोजल्या.” मग म्हणाला, “माह्या अमीनाचं पोरगं गेलं तवा ती म्हने, पाळना हालला. आमी कोनी म्हटलं नाही का वारा होता. पन बुवा, पाळन्याले कोनी नवस नाही बोललं.”

त्याने मला दोष दिला नाही. तसा दिला असता तर बरे होते.

आता प्रश्न असा. सत्य फक्त या घरापुरते आणि अंजनीच्या गाडीपुरते आहे. शंकरराव बोलणार नाहीत. न बोलता राहिलो तर गाव सुखात आहे, मंडळाचे नाव आहे, आणि माझा मुलगा सोळा गावांत जिवंत आहे. बोललो तर तो दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेस मी स्वतः नेऊन पोचवीन. सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये, असे वचन आहे. जन्मभर मी ते इतरांना सांगितले. पण पुढची गाडी येईल. तिच्यातही कोणी तापाने फणफणलेले असेल, आणि मी चावी भरीन.

मंगळवार, २४ एप्रिल, चैत्र वद्य पंचमी

श्राद्ध दुपारी उरकले. पाराभोवती गर्दी मावेना. बरेचसे नारळ घेऊन आलेले, आज तो प्रत्यक्ष गाईल या आशेने. आसन घातले, टाळ ठेवले. मी उभा राहिलो. तीस वर्षे निरूपण केले, कधी वाणी अडली नाही. आज घोटभर पाणी मागितले.

सांगितले. तबकडीतला आवाज माझ्या सुनेचा, जनकाबाईचा आहे. सप्ताहातल्या अखेरच्या तीन दिवसांचाही तिचाच होता. निवृत्ती त्या तीन दिवसांत गात नव्हता. तो आजारी होता, त्याच्या आईने मला सांगितले होते, आणि मी त्याला दवाखान्यात नेले नाही. हे पाप सुनेचे नाही, नामाचेही नाही. माझे आहे. ज्यांच्या घरी ताप असेल त्यांनी मेहकरला जावे आणि नाम वाटेत घ्यावे.

मागून कोणी तरी म्हणाले, “काऊन सांगितलं, बुवा? आमाले काय त्रास होता?” काही जण नारळ घेऊन तसेच निघून गेले. पुष्पाबाई गेली नाही. ती जनकापाशी गेली, तिची हनुवटी वर केली आणि तिच्याकडे कर्ण्याकडे पाहिले होते तशीच पाहत राहिली. “तवाच म्हटलं, पोट्टं इतकं गोड कवा गात होतं,” ती म्हणाली, आणि या सगळ्यात कचरूला हसू फुटले.

मी आसनावरचे टाळ उचलले आणि जनकापुढे धरले. बायकांच्या हाती मंडळाचे टाळ आजवर गेलेले नाहीत. काही वृद्धांनी घसे खाकरले. मी मागे पाहिले नाही.

तिने हात जोडले. “त्याईची ओळ मी नाही घेत, मामाजी. त्या ओळीनं मी दोन डाव तुमाले फसवलं. ती त्याईचीच राहू द्या. देनंच असंन तं मले माही ओळ द्या.”

नेमात याला उत्तर नव्हते. मी टाळ आसनावर परत ठेवले. आम्ही पद घेतले. ‘कोण देई धावा’ संपले, तोंडे मिटली, मृदंग एकटा चालला. चार आवर्तने. मी डोळे उघडे ठेवले होते. पिंपळ होता, माणसे होती, ऊन होते. कोणी श्वास घेतला नाही, कोणी आले नाही. तेथे माझा मुलगा नव्हता. मी त्या चार आवर्तनांत, वर्षानंतर प्रथमच, रडलो.

गुरुवार, २६ एप्रिल

कंपनीला पत्र लिहिले: तिसरी ओळ म्हणणाऱ्या बाईंचे नाव श्रीमती जनकाबाई, मुक्काम जानेफळ. मागील पत्र रद्द समजावे. त्यावर जनका म्हणाली की मागील पत्र गेलेच नाही, ते पिठाच्या डब्यात आहे. सुभद्राबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

इंद्रभान थांबला आहे. जनका त्याच्याबरोबर लोणारला महिनाभर जाईल. पुढचे तिचे ती ठरवील. मी विचारले नाही, आणि विचारले नाही याचे मलाच नवल वाटते.

काल तिच्यासाठी ओळ रचावयास बसलो. चार रचल्या. चारही तिने ऐकून घेतल्या. “चांगल्या हायेत, पन हे तुमचं झालं,” ती म्हणाली, “माहं नाही.” मग सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, गुणगुणली:

पाखडून पाखडून उरलं ते आनलं, देवा, पदरी घे.

मी वहीत उतरून घेतले. एक अक्षरही शुद्ध केले नाही. तिसरी मुद्रिका निघाली तर या ओळीने निघेल. न निघाली तरी ती या घरात म्हटली जाईल.

ही पाने पुढे कोणाच्या हाती पडतील, मला ठाऊक नाही. जे कोणी वाचाल, त्या सर्वांना या वृद्धाचा आशीर्वाद. तुमच्या घरात ज्याला ताप येईल त्याला वेळेवर वैद्य भेटो. ज्याचा घसा बसेल त्याला गप्प राहण्याची मोकळीक मिळो. जे गेले त्यांना तुम्ही जाऊ द्यावे, आणि जे भिंतीपलीकडे गात असतील त्यांना त्यांच्याच नावाने हाक मारण्याचे धैर्य परमात्मा तुम्हांस देवो. कल्याण असो.